जातिवाचक अपशब्द आणि संदर्भाचा प्रश्न : दासबोध ते दलित आत्मकथन – एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. शके १५३० म्हणजे इ. स. १६०८ च्या रामनवमीस नारायण सूर्याजीपंत ठोसर यांचा येथे जन्म झाला. त्यांच्या दासबोधाचे २० दशक आणि २०० समास आजही घरोघरी वाचले जातात, त्यांची पारायणे होतात आणि मराठीच्या पदवी-पदव्युत्तर वर्गांत त्यांतील निवडक समास शिकविलेही जातात. त्याच वर्गात, बहुधा त्याच आठवड्यात, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ किंवा लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ही शिकविले जाते. दोन्ही ठिकाणी अध्यापकापुढे असे शब्द येतात, जे समोर बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकावे लागले आहेत. ते उच्चारावेत की टाळावेत? ‘ग्रंथात आहेत म्हणून वाचले’ एवढे समर्थन पुरेसे आहे काय?

संदर्भ बदलला म्हणजे अपमानकारक शब्द निर्दोष होतो का, असा हा प्रश्न आहे. तो तात्त्विक वाटला तरी त्याचे उत्तर मराठी समाजाने आपल्या इतिहासात अनेकदा, निरनिराळ्या व्यासपीठांवर शोधले आहे. प्रस्तुत निबंधात संतसाहित्य, विधिमंडळ, दलित आत्मकथन आणि न्यायालय या चार ठिकाणी हा प्रश्न कसा हाताळला गेला याचा मागोवा घेऊन अध्यापनाच्या दृष्टीने काही निष्कर्ष मांडण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनापुरती जातिनामे व काही ग्रंथशीर्षके येथे आली आहेत. प्रत्यक्ष शिव्या उद्धृत करण्याची आवश्यकता भासली नाही. हाही या निबंधाच्या प्रतिपादनाचाच एक भाग समजावा.

संदर्भ म्हणजे नेमके काय?

‘संदर्भ पाहा’ असे आपण सहज म्हणतो, परंतु संदर्भाचे घटक क्वचितच मोजतो. भारतीय काव्यशास्त्राने ते मोजले आहेत. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त वाच्यार्थापलीकडचा अर्थ कशामुळे सूचित होतो याची यादी दिली आहे. वक्ता, बोद्धव्य म्हणजे ज्याला उद्देशून बोलले जाते तो, काकू म्हणजे स्वराचा चढउतार, वाक्य, वाच्य, अन्यसन्निधी म्हणजे तिसऱ्याची उपस्थिती, प्रस्ताव म्हणजे प्रसंग, देश आणि काल हे त्यांतील प्रमुख घटक होत.

या यादीकडे अपशब्दाच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. वक्ता हा नऊ घटकांपैकी केवळ एक आहे. ‘माझा हेतू तसा नव्हता’ हे विधान फक्त वक्त्याविषयी बोलते. ऐकणारा कोण होता, कोणाच्या देखत बोलले गेले, कोणत्या गावात आणि कोणत्या काळात बोलले गेले, हे प्रश्न त्याने सुटत नाहीत. व्यवहारात मात्र संदर्भाचा आधार घेणारा बहुतेक वेळा वक्ताच असतो आणि तो आपल्या हेतूलाच संदर्भ म्हणत असतो.

दुसरे एक साधन व्याकरणाने दिले आहे. व्याकरणशास्त्रात शब्द हा सामान्यतः स्वतःच्या रूपाचाच वाचक असतो, असे पाणिनीने एका सूत्रात सांगितले आहे. ‘अग्नी’ या शब्दाला प्रत्यय लागतो, प्रत्यक्ष विस्तवाला नव्हे. शब्द वापरणे आणि शब्दाविषयी बोलणे यांतील हा भेद होय. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती असो की दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ असो, कोशकार जातिवाचक हिणवणीचे शब्द नोंदवितो तेव्हा तो कोणालाही शिवी देत नाही. त्याने ते वगळले असते तर समाजाच्या वर्तनाचा एक पुरावाच नाहीसा झाला असता. मात्र हा भेद कागदावर जितका स्वच्छ राहतो तितका तोंडी उच्चारात राहत नाही, कारण कोशाच्या पानाला समोर बोद्धव्य नसतो आणि वर्गात तो असतो.

‘मूर्ख’ आणि ‘नीच’

दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा आहे. समर्थांनी येथे ‘मूर्ख’ हा शब्द सढळ हाताने वापरला आहे. तरीही तो वाचून कोणत्याही समूहाला आपला अवमान झाला असे वाटत नाही. याचे कारण शब्दाच्या सौम्यपणात नाही. येथे मूर्खपण वर्तनाने ठरते. जो स्वतःची स्तुती करतो तो मूर्ख, असे म्हटल्यावर स्तुती थांबविताच मूर्खपणही सुटते. ही लक्षणे त्याग करण्यासाठी सांगितली आहेत, असा खुलासा समर्थांनी समासाच्या अखेरीस केला आहे. पढतमूर्खाचा समास तर विद्वानालाच आरशापुढे उभा करतो. हा कठोर शब्द सुधारणेची वाट मोकळी ठेवतो.

याच ग्रंथाच्या चौदाव्या दशकातील युगधर्मनिरूपणाच्या समासात स्थिती वेगळी आहे. ब्राह्मण आचारभ्रष्ट झाले, त्यांनी गुरुत्व सोडले आणि ‘नीच’ मानलेल्यांना गुरुत्व मिळाले, अशी खंत तेथे व्यक्त झाली आहे. या समासात ब्राह्मणांवरही कडक टीका आहे हे खरे. परंतु ब्राह्मणांना दिलेला दोष आचाराचा आहे आणि ‘नीच’ हा शब्द जन्माकडे निर्देश करतो. आचार सुधारता येतो. जन्म बदलता येत नाही. दहाव्या दशकाच्या आरंभी सर्वांचे अंतःकरण एक असल्याचे प्रतिपादन करणारा ग्रंथ हाच आहे, त्यामुळे हा विरोध अधिक जाणवतो.

येथे कालसंदर्भाचे समर्थन पुढे केले जाते. सतराव्या शतकातील ग्रंथाला एकविसाव्या शतकाचे मापदंड लावू नयेत, हे इतिहासाच्या अभ्यासकाला मान्यच असते. परंतु या तत्त्वाने ग्रंथकाराचे मूल्यमापन संयत होते. आज तो समास मोठ्याने वाचणाऱ्याची जबाबदारी त्याने कमी होत नाही. ग्रंथकाराचा काल सतरावे शतक आहे, वाचकाचा काल आज आहे. जांब समर्थच्या पंचक्रोशीत असो वा अन्यत्र, निरूपणकार हा समास कोणतेही भाष्य न करता वाचतो तेव्हा मम्मटाच्या यादीतील वक्ता, बोद्धव्य, देश आणि काल हे सारे घटक बदललेले असतात. केवळ वाक्य तेवढे जुने असते.

एकनाथांचा प्रयोग

याच गोदा खोऱ्यात, पैठणला, समर्थांच्या जन्मापूर्वी नऊ वर्षे देह ठेवलेल्या एकनाथांनी (१५३३–१५९९) या प्रश्नाला नाट्याच्या अंगाने हात घातला होता. त्यांच्या भारुडांपैकी अनेक महाराच्या तोंडी आहेत. जोहार घालणारा महार तेथे गावाला, पाटलाला आणि देहाभिमान्याला परमार्थ ऐकवितो. ब्राह्मण आणि महार यांच्या संवादात आरंभी ब्राह्मण हिणवून बोलतो आणि उत्तरात महाराचे ज्ञान वरचढ ठरते. हिंदू-तुर्क संवादात दोघे एकमेकांच्या धर्माचारांची कठोर शब्दांत निंदा करतात आणि शेवटी समेटावर येतात.

येथे अपशब्द आहे, पण रचना त्याला जिंकू देत नाही. हिणवणारा शेवटी निरुत्तर होतो किंवा निंदा दोन्ही बाजूंनी समान होते. अपशब्दाची साहित्यातील उपस्थिती समर्थनीय ठरविणारा हा एक निकष म्हणून घेता येईल. कृतीच्या अखेरीस ज्याला शिवी दिली गेली त्याची प्रतिष्ठा वाढते की घटते, हे पाहावे.

तथापि याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. महाराचा आवाज येथे ब्राह्मण संतकवीने रचला आहे. त्याचा प्रयोग करणारा सोंगाड्या महाराची बोली केवळ हशा मिळविण्यासाठी वापरू लागला तर संहिता तीच राहूनही अर्थ उलटतो. दुसरे असे की जोहार हा परमार्थाचा अलंकार होण्यापूर्वी प्रत्यक्ष गावगाड्यातील सक्तीचा नमस्कार होता. आंबेडकरी चळवळीत तो मागे पडला आणि त्याच्या जागी ‘जय भीम’ रूढ झाले. ज्यांचा तो नमस्कार होता त्यांनी तो नाकारला, हा इतिहास सांगितल्याशिवाय आज ही भारुडे शिकविणे अपुरे ठरेल.

नाव ठेवण्याचा अधिकार

अपशब्द नेहमी कठोरच असतो असे नाही. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यातील दुरुस्ती विधेयकावर चर्चा झाली. अस्पृश्य वर्गांचा उल्लेख ‘हरिजन’ असा करण्याची तरतूद त्यात होती. शब्द योजणाऱ्यांचा हेतू गौरवाचा होता याविषयी दुमत नव्हते. तरीही भाऊराव गायकवाड आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास विरोध केला आणि बहुमताने तो फेटाळला गेल्यावर स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. ज्यांना नाव दिले जात आहे त्यांना ते मान्य नाही, एवढे कारण त्यांच्या दृष्टीने पुरेसे होते.

पुढील घटनाक्रम या भूमिकेची सार्थता दाखवितो. १९८२ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने जातीच्या प्रमाणपत्रांवर ‘हरिजन’ हा शब्द न लिहिण्याच्या सूचना राज्यांना दिल्या. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हा शब्द आता जातनिर्देशापेक्षा अवमानासाठी वापरला जातो असे निरीक्षण नोंदविले. गौरवासाठी योजलेला शब्द सुमारे ८० वर्षांत अवमानाच्या यादीत आला. समाजातील विषमता कायम राहिली की ती चांगल्या शब्दालाही आपला रंग देते, असे यावरून दिसून येते.

‘दलित’ या शब्दाचा प्रवास याच्या उलट आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने तो अभिमानाने धारण केला. ऑगस्ट २०१८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना तो टाळून ‘अनुसूचित जाती’ ही संज्ञा वापरण्याचा सल्ला दिला, तेव्हा अनेक दलित लेखक-कार्यकर्त्यांनीच त्याला विरोध केला. १९३८ चा विरोध शब्द लादण्यास होता, २०१८ चा विरोध शब्द काढून घेण्यास होता. दोन्हींच्या मुळाशी असलेले तत्त्व एकच आहे. समूहाचे नाव ठरविण्याचा पहिला अधिकार त्या समूहाचा आहे.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलून त्या जागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. जातीचे नाव टपालाच्या पत्त्यात असणे ही शिवी नव्हे, असा युक्तिवाद करता येईल. परंतु जो पत्ता सांगताक्षणीच समोरच्याची वागणूक बदलते, त्या पत्त्याचा भार तो सांगणाऱ्यालाच ठाऊक असतो. पाटी बदलल्याने तोंडातील शब्द बदलतो का, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

शिवीचे शीर्षक

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मराठी वाचकाला त्यातील भाषेचा धक्का बसला. विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेने त्या जगाची वाट अनेकांना दाखविली. त्यानंतरच्या आत्मकथनांनी अपशब्द थेट मुखपृष्ठावर आणला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) आणि किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) ही शीर्षके समाजाने लेखकाला दिलेली नावे आहेत.

‘अक्करमाशी’ या शब्दाची घडण विशेष लक्षणीय आहे. बारा माशांचा एक तोळा होतो. अकरा मासे भरले तर तोळा अपुरा. सराफाच्या तराजूतील हे परिमाण जातीबाहेरच्या संबंधातून जन्मलेल्या माणसाला लावले गेले आणि त्याचे माणूसपण एका माशाने कमी ठरविले गेले. लिंबाळे यांनी हाच शब्द शीर्षक केला, तेव्हा प्रश्नाची दिशा बदलली. वजन करणारा कोण आणि तराजू कोणाचा, हे वाचकाला विचारावे लागते. ‘उचल्या’च्या मागे तर राज्यसत्ताच उभी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्माने गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु शब्द गावात राहिला.

येथे संदर्भाने खरोखर फरक पडतो, हे निःसंशय मान्य करावे लागेल. ज्याच्यावर शब्द फेकला गेला त्यानेच तो उचलून साक्षीसाठी पुढे केला आहे. पण म्हणून पुस्तक वाचलेल्या कोणालाही तो शब्द वापरण्याचा परवाना मिळतो असे नाही. लेखकाने दिलेली साक्ष न्यायालयात वाचून दाखविता येते. ती साक्षीदाराच्याच तोंडावर फेकता येत नाही. ‘त्यांनीच आपल्या पुस्तकाला हे नाव दिले आहे’ हे समर्थन वक्ता आणि बोद्धव्य यांची अदलाबदल लपविते.

कायद्याची दृष्टी

१९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाचे १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नामांतर झाले. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ साली आला. मानहानी करण्याच्या हेतूने, सार्वजनिक दृष्टिपथात येणाऱ्या ठिकाणी केलेला अपमान त्याने दंडनीय ठरविला. २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा स्वतंत्रपणे नमूद केलेला अपराध झाला.

ऑगस्ट २००८ च्या स्वर्ण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका आपलाच प्रश्न होता. उच्चारलेला शब्द अधिकृत यादीतील जातीचे नाव असताना तो उच्चारणे अपमान कसा ठरेल? न्यायालयाने सांगितले की शब्दाची व्युत्पत्ती न पाहता त्याचा आजचा लोकव्यवहारातील अर्थ पाहिला पाहिजे आणि अपमानाचा हेतू होता की नाही हे तो कोणत्या संदर्भात वापरला यावरून ठरेल. घराच्या आत परंतु बाहेरून दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी बोलले गेले तर ती जागाही सार्वजनिक दृष्टिपथात येते, असेही स्पष्ट केले. नोव्हेंबर २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात मात्र चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना घडलेल्या कथित प्रसंगाला हे कलम लागू होत नाही असा निर्णय झाला. मम्मटाने सांगितलेली अन्यसन्निधी येथे कायद्याच्या परिभाषेत अवतरली आहे.

१४ मे २०१५ चा ‘गांधी मला भेटला’ या वसंत दत्तात्रय गुर्जर यांच्या कवितेविषयीचा निर्णय याच्याशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. ती कविता १९९४ साली एका बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात छापली गेली होती. प्रश्न अश्लीलतेचा होता, जातीचा नव्हता. कवीच्या स्वातंत्र्याची थोरवी मान्य करूनही न्यायालयाने म्हटले की आदरणीय ऐतिहासिक व्यक्तीच्या नावाने अशी भाषा योजल्यास समकालीन समाजमान्यतेची कसोटी अधिक कडक होते. कवीवरील आरोप कायम राहिला. माफी मागितलेल्या प्रकाशकाला मुक्त केले गेले. उपरोधाचा, काव्याचा संदर्भही सर्वत्र पुरेसा ठरत नाही, हे यातून दिसते. त्याचबरोबर एक प्रश्न उरतो. महापुरुषाच्या नावाची जपणूक करताना आपण जी कडक कसोटी लावतो, ती गावकुसाबाहेरच्या सामान्य माणसाच्या नावाला लावण्यास समाज तितकाच तत्पर असतो काय?

कायद्याची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागेल. भटक्या-विमुक्तांपैकी ज्या जमाती अनुसूचित जाती-जमातींच्या यादीत नाहीत, त्यांना १९८९ च्या अधिनियमाचे संरक्षण नाही. चार भिंतींआडचा शब्द त्याच्या कक्षेबाहेर राहतो. कायद्यातून सुटलेला शब्द नैतिकदृष्ट्या निर्दोष ठरला, असे समजण्याचे कारण नाही.

वर्गातील जबाबदारी

महाविद्यालयीन वर्ग चार भिंतींच्या आत असला तरी तेथे साठ जण ऐकत असतात आणि बोलणाऱ्याच्या हाती अंतर्गत गुण असतात. म्हणून अध्यापकाचा उच्चार मित्रांमधील बोलण्यासारखा नसतो. येथे दोन टोकाच्या भूमिका संभवतात. पहिली भूमिका असे सर्व शब्द गाळून शिकविण्याची. तिने ‘अक्करमाशी’ हे शीर्षकसुद्धा घेता येणार नाही आणि अत्याचाराची साक्षच पुसली जाईल. चौदाव्या दशकातील समास वगळणे हेही तसेच होय; त्याने समर्थांचा सन्मान वाढत नाही, इतिहास मात्र अपुरा राहतो. दुसरी भूमिका ‘साहित्यात सर्व चालते’ अशी. तिच्यात बोद्धव्याचा विचारच नाही.

यांमधून जाण्यासाठी उच्चारापूर्वी काही प्रश्न स्वतःला विचारता येतील. हा शब्द न उच्चारता मुद्दा समजावता येतो काय? तो संहितेतून वाचला जात आहे की उदाहरणादाखल माझ्या पदरचा आहे? पाठ वाचण्यापूर्वी शब्दाचा इतिहास सांगितला आहे काय? वाचताना नकळत कोणा विशिष्ट विद्यार्थ्याकडे नजर वळते काय, किंवा त्याच्या समूहाचा प्रतिनिधी म्हणून त्याला बोलते केले जाते काय? आणि वर्ग सुटल्यावर तो शब्द व्हरांड्यात थट्टेसाठी फिरू लागला, तर तो थांबविण्याची माझी तयारी आहे काय? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शब्द वर्गात आणणाऱ्याचे काम तास संपल्यावर संपत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. संदर्भाने अपशब्दाचा अर्थ बदलतो, ही गोष्ट काव्यशास्त्र, संतसाहित्य, दलित साहित्य आणि न्यायालय या सर्वांनी मान्य केली आहे. परंतु संदर्भ ही वक्त्याची खासगी मालमत्ता नाही. ऐकणारा, उपस्थित तिसरा, गाव आणि काळ हे त्याचे तितकेच घटक आहेत. वर्तनावर टीका करणारा कठोर शब्द आणि जन्मावर बोट ठेवणारा शब्द यांत मूलभूत भेद आहे व तो एकाच दासबोधात पाहावयास मिळतो. सद्हेतूने दिलेले नावही ज्याला दिले त्याने नाकारले तर ते टिकू शकत नाही. अपमानिताने स्वतः धारण केलेल्या शब्दावर इतरांचा आपोआप हक्क निर्माण होत नाही.

समर्थांनी दुसऱ्या दशकात लक्षणे सांगितली ती वाचणाऱ्याने स्वतःकडे पाहावे म्हणून. पढतमूर्खाचा समास तर शिकलेल्यांसाठीच आहे. चौदाव्या दशकातील त्या शब्दापाशी थांबलेल्या अध्यापकाने तोच समास पुन्हा एकदा वाचावा. आपल्या विद्वत्तेच्या आधारे आपण कोणत्या शब्दाचे समर्थन करीत आहोत आणि त्याची किंमत वर्गातील कोण मोजत आहे, हे तपासण्याची रीत जांबच्या या सत्पुरुषाच्या ग्रंथातच उपलब्ध आहे.